बीडच्या दप्तरातले हैदराबाद

आष्टीहून जामखेडकडे जाताना जिल्ह्याची हद्द ओलांडली की कुळकायदा बदलतो. अलीकडे बीड जिल्ह्यात हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० लागू आहे. पलीकडे अहिल्यानगर जिल्ह्यात १९४८ चा मुंबईचा कुळकायदा चालतो; त्याच्या नावातले 'मुंबई' जाऊन आता 'महाराष्ट्र' आले आहे. विदर्भाचा १९५८ चा कायदा आणखी वेगळा. कुळाला मालक करणाऱ्या कलमांसाठी जामखेडच्या तहसील कचेरीत '३२ ग' आणि '३२ म' हे आकडे सगळ्यांच्या तोंडी असतात, तर आष्टीच्या कचेरीत '३८ ई' बोलले जाते. दिवाणी दाव्यात कुळाचा मुद्दा निघाला तर तिकडे कलम ८५ आणि ८५ अ पाहायचे, इकडे ९९ आणि ९९ अ. कुळाला मिळालेल्या जमिनीच्या विक्रीवर बंधन घालणारे कलम तिकडे ४३ आहे, इकडे ५० ब.

फरक आकड्यांपुरताच असता तर एक तक्ता छापून काम भागले असते. पण मुंबईचा कायदा १ एप्रिल १९५७ या कृषक दिनाभोवती उभा आहे. त्या दिवशी जो जमीन कसत होता, तो ठरावीक अटींवर खरेदीदार मानला गेला. हैदराबादचा कायदा आधी संरक्षित कूळ कोण हे विचारतो, आणि ते ठरवण्याच्या कसोट्यांपैकी एक अशी, की १३४२ ते १३५२ फसली या काळात त्याने सलग सहा वर्षे ती जमीन कूळ म्हणून धारण केली होती का. म्हणजे आज केजच्या किंवा गेवराईच्या तहसीलदाराला १९३२ ते १९४३ या काळातले निजामी दप्तर उघडल्याशिवाय या कसोटीचे उत्तर मिळत नाही. हे दप्तर उघडायला, वाचायला आणि तोलायला त्याला कोणी शिकवले आहे का, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

आपल्या मुलखाबाहेरच्या कायद्याचे शिक्षण म्हटले की परदेशवारी डोळ्यांपुढे येते. बीडच्या अधिकाऱ्याला ज्या परक्या कायद्याची गरज आहे, तो त्याच्याच कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पडून आहे. ज्या राज्याचा तो कायदा, ते हैदराबाद संस्थान १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय संघराज्यात आले आणि १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्य म्हणूनही संपले. मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. मात्र राज्य पुनर्रचना कायद्याच्या कलम ११९ ने एक गोष्ट स्पष्ट ठेवली होती. प्रदेश या राज्यातून त्या राज्यात गेला, तरी सक्षम विधिमंडळ बदल करीपर्यंत त्या प्रदेशातला कायदा तोच राहील. बऱ्याच बाबतींत असा बदल झाला. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ साली आली आणि हैदराबादचा १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा गेला. कूळ, इनाम आणि अतियात (राज्याने दिलेली अनुदाने) या तीन विषयांत मात्र जुनाच कायदा दुरुस्त्या होत होत टिकला. योगायोग असा, की मुंबईच्या नावाचे कायदे महाराष्ट्राच्या नावाचे झाले तेव्हाही हैदराबादचे नाव कोणी काढले नाही. ते योग्यच झाले. निदान नाव वाचून तरी नव्या अधिकाऱ्याला आपण कुठे आलो हे कळते.

दुसऱ्या राज्याची कायदापद्धती शिकण्याचा प्रसंग या भूमीला नवा नाही. निजामाचे दिवाण पहिले सालारजंग यांनी हैदराबादचा कारभार बदलायला घेतला तेव्हा बाहेरची अनुभवी माणसे आणली. पुढे मोहसिन-उल-मुल्क म्हणून ओळखले गेलेले सय्यद मेहदी अली हे मिर्झापूरचे डेप्युटी कलेक्टर होते. १८७४ मध्ये ते निजामाच्या महसूल खात्यात आले. मराठवाड्यातली जमीन मोजणी आणि आकारणी मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. सप्टेंबर १९४८ च्या पोलीस कारवाईनंतर जनरल जयंतनाथ चौधरी लष्करी गव्हर्नर झाले आणि मुलकी कारभाराची सूत्रे मुंबईच्या सेवेतल्या डी. एस. बखले यांच्याकडे आली. शेजारच्या प्रांतांतून अधिकारी आले, त्यांना इथले कायदे शिकावे लागले. उलट दिशेचे शिक्षण १ एप्रिल १९५१ पासून सुरू झाले. त्या दिवशी भारतीय दंड संहितेसह अनेक केंद्रीय कायदे हैदराबादला लागू झाले. उर्दूत कायदा शिकलेल्या आणि उर्दूत दावे-जबाब लिहिणाऱ्या मुन्सफांना आणि वकिलांना नव्या ग्रंथांकडे वळावे लागले. निजामाचे फौजदारी आणि दिवाणी कायदे बरेचसे ब्रिटिश हिंदुस्थानच्या नमुन्यावरच बेतलेले असल्याने ते वळण जड गेले नसावे. शिवाय त्या पिढीला दोन्ही बाजू ठाऊक होत्या. शंका आली तर शेजारच्या टेबलावर विचारता येत होते.

ती पिढी आता उरलेली नाही. १९५० साली पंचविशीत असलेला कारकून आज शंभरीत असता. त्याच्याबरोबर जे ज्ञान गेले, त्याची जागा भरायची जबाबदारी शासनाची होती, आणि ती पुरेशा गांभीर्याने घेतली गेली नाही असे आमचे मत आहे.

त्याची किंमत कुठे मोजावी लागते, हे इनाम जमिनींत सर्वांत स्पष्ट दिसते. मराठवाड्यात इनामांचे प्रकार अनेक, पण बीडच्या कचेरीत रोज भेटतात ते दोन: मदतमाश आणि खिदमतमाश. मदतमाश म्हणजे व्यक्तीच्या किंवा घराण्याच्या उदरनिर्वाहासाठी दिलेले इनाम. खिदमतमाश म्हणजे सेवेच्या शर्तीवर दिलेले. देवळातली पूजा, दिवाबत्ती, नगारा, दर्ग्याची झाडलोट, मशिदीतली खिदमत. १९५४ च्या हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करण्याच्या कायद्याने मदतमाश इनामे संपवली आणि ती जमीन कसणाऱ्यांकडे भोगवटादार म्हणून गेली. धार्मिक आणि धर्मादाय संस्थांसाठीची इनामे मात्र या कायद्याने मुद्दाम बाहेर ठेवली. ती जमीन देवाची किंवा वक्फची. पुजारी, मुजावर किंवा मुतवल्ली तिचा मालक नसतो. तो सेवा करतो म्हणून तिचे उत्पन्न खातो.

आता एक मिसल उघडून पाहू. वर अलीकडच्या काळातला सातबारा आणि फेरफार, त्याखाली १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक, आणि तळाशी घडीवर विरलेला, कडा पिवळ्या पडलेला एक उर्दू कागद. हा मुंतखब. इनामाची चौकशी होऊन जो निर्णय झाला त्याचा हा उतारा. त्यात इनामदाराचे नाव, गाव, क्षेत्र, इनामाचा प्रकार आणि शर्त असते. गावाच्या नावापासूनच अडचण सुरू होते. तालुका मोमिनाबाद लिहिलेला असेल तर तो आजचा अंबाजोगाई, हे माहीत हवे. मांजलेगाव म्हणजे माजलगाव, आणि भीर म्हणजे बीड. जमिनीचा जुना सर्व्हे नंबर गटवारीनंतर कोणत्या गटात गेला हे पुन्हा वेगळ्या कागदावर. मग तारीख. हैदराबादचे फसली साल ऑक्टोबरच्या सहा तारखेच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होते, पुढे दै, बहमन असे बारा महिने. इसवी साल काढताना वर्षाच्या पहिल्या तिमाहीत ५९० मिळवायचे आणि जानेवारीपासून ५९१. मेहेर १३५७ चा कागद पोलीस कारवाईच्या आधीचा, आजूर १३५८ चा नंतरचा. मध्ये जेमतेम दोन महिने. ज्याला हा हिशेब येत नाही तो कागदावर वर्षभराची चूक करून बसतो, आणि निजामाच्या राजवटीत झालेला हुकूम नंतरचा समजतो.

पण सगळ्यांत महत्त्वाची ती शर्तीची ओळ. इनामदाराचे नाव ठळक आणि शर्त बारीक अक्षरात एका कोपऱ्यात, असे पुष्कळदा असते. ती ओळ वाचलीच गेली नाही तर खिदमतमाश जमीन मदतमाश ठरते. मग ती खालसा करण्याचा, म्हणजे इनामातून मोकळी करण्याचा, हुकूम निघतो, सातबाऱ्याच्या इतर हक्कांतली देवस्थानची नोंद एका फेरफाराने कमी होते, आणि त्यानंतरच्या खरेदीखतात तिचा मागमूस राहत नाही. पुढे भूखंड पडतात, घरे उभी राहतात. देव कायद्याच्या दृष्टीने कायमचा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन. त्याच्या वतीने कचेरीत हरकत घ्यायला कोणी आले नाही तर त्याचे ऐकणारा तो अधिकारीच.

बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत देवस्थान आणि वक्फ जमिनी अशा रीतीने खालसा झाल्याच्या तक्रारी झाल्या, गुन्हेही नोंदले गेले. त्यांतले खरे-खोटे न्यायालयात ठरेल, आणि ज्याने जाणूनबुजून केले असेल त्याला प्रशिक्षणाची नव्हे, शिक्षेची गरज आहे. तरी अशा प्रत्येक प्रकरणात लबाड माणसाच्या आजूबाजूला अनेक प्रामाणिक माणसे असतात. टिप्पणी लिहिणारा अव्वल कारकून, नोंद प्रमाणित करणारा मंडळ अधिकारी, अभिप्राय देणारा सरकारी वकील. त्यांच्यातल्या एकाला जरी मुंतखब वाचता आला असता, तरी हुकूम निघण्याआधी प्रश्न विचारला गेला असता. अज्ञानाचा फायदा घेणाऱ्याला हे अज्ञान आयते मिळते, ते मिळू नये एवढीच अपेक्षा आहे.

हा धोका पुढे वाढणार आहे. मदतमाश जमिनींचा नजराणा बाजारमूल्याच्या ५० टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्याचा निर्णय राज्य शासनाने घेतला आहे. वर्षानुवर्षे त्या जमिनींवर घरे बांधून राहिलेल्या साध्या माणसांना त्याने दिलासा मिळेल, म्हणून तो स्वागतार्हच आहे. पण त्यामुळे जमीन मदतमाश की खिदमतमाश या प्रश्नाला कधी नव्हे एवढी रोकड किंमत आली. तो प्रश्न सोडवणारा अधिकारी कोल्हापूरहून किंवा अमरावतीहून बदलून आलेला असेल, कामात चोख असेल, आणि अतियात हा शब्द त्याने बीडला येऊन पहिल्यांदा ऐकला असेल. १९५२ च्या हैदराबाद अतियात चौकशी कायद्याखाली इनामाच्या वारसाहक्काची चौकशी, ज्याला इथे विरासत म्हणतात, त्याच्यापुढेच चालते. त्या कायद्याने या चौकशीच्या निर्णयांना दिवाणी न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे मोठे वजन दिले आहे. वैयक्तिक कायद्यानुसार वारस कोण, अशा प्रश्नांवर तेवढा दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय मानावा लागतो. इतके वजन असलेली सही करणाऱ्याची तयारीही तेवढीच हवी.

दुसरा विषय सध्या प्रत्येकाच्या तोंडी आहे. मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या मागणीनंतर जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, क-पत्रके, कुळ नोंदवह्या, १९५१ चे राष्ट्रीय रजिस्टर असे कपाटाच्या कपाट दप्तर खाली काढले गेले. मोडी आणि उर्दू जाणणाऱ्यांचा शोध घ्यावा लागला. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने हैदराबाद गॅझेटियरचा आधार घेत गावपातळीवर ग्राम महसूल अधिकारी, ग्रामपंचायत अधिकारी आणि सहायक कृषी अधिकारी यांची समिती ठेवली. या मागणीच्या योग्यायोग्यतेची चर्चा या लेखाचा विषय नाही. पण एक गोष्ट बीडमधल्या दोन्ही बाजूंच्या लोकांना मान्य व्हावी. गॅझेटियरमध्ये जातींची लोकसंख्या असते, माणसांची नावे नसतात. पाहणी पत्रकात नाव असते, पण ते पत्रक पीक-पाण्यासाठी बनलेले असते. कोणता कागद कशासाठी तयार झाला आणि म्हणून तो काय सिद्ध करतो, काय नाही, हे ओळखणे ही पुराव्याच्या कायद्याची पहिली पायरी. ती पायरी न शिकवता गावच्या तीन कर्मचाऱ्यांच्या खांद्यावर हा भार ठेवला, तर अर्ज मंजूर झाला तरी आणि नाकारला तरी, त्यांच्या निर्णयावर कोणाचाच विश्वास बसणार नाही. ज्या जिल्ह्यात गेली दोन-तीन वर्षे माणसे जातीवरून एकमेकांकडे संशयाने पाहू लागली आहेत, तिथे हा तोटा प्रशासकीय राहत नाही.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: जुने कायदे रद्द करा, सगळ्या महाराष्ट्राला एकच कुळकायदा आणि एकच इनाम कायदा करा. एकीकरण व्हावे, आमचा विरोध नाही. तरी त्याने हा प्रश्न सुटत नाही. कायदा रद्द झाला म्हणून त्याखाली मिळालेला हक्क रद्द होत नाही, हे तत्त्व सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमातच आहे. '३८ ई' चे प्रमाणपत्र १९६० साली मिळाले असेल, तर ते खरे की खोटे हे २०४० मध्येही १९५० च्याच कायद्याने तपासावे लागेल. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तरी त्याआधीच्या गुन्ह्यांचे खटले दंड संहितेखाली चालतच आहेत. फौजदारीत हा जुना साठा काही वर्षांत आटतो. जमिनीच्या बाबतीत तो दोन-तीन पिढ्या टिकतो.

गोव्याचे उदाहरण जवळचे आहे. गोवा १९ डिसेंबर १९६१ ला मुक्त झाला, पण १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतला कौटुंबिक आणि वारसाहक्काचा भाग दशकानुदशके चालू राहिला. तिथल्या सिव्हिल रजिस्ट्रारपासून न्यायाधीशापर्यंत सर्वांना तो शिकावाच लागला. अधिकृत इंग्रजी भाषांतर मात्र २०१८ पर्यंत लांबले. मधल्या काळात तिथे पोर्तुगीज जाणणारे वकील होते म्हणून निभावले. हाँगकाँगमध्ये तर सरकारी पातळीवरच चीनच्या मुख्य भूमीवरील विधी अधिकाऱ्यांना कॉमन लॉ शिकवण्याची योजना आहे. विद्यापीठातले शिक्षण आणि त्याला जोडून सरकारी कार्यालयांत प्रत्यक्ष काम. यातला दुसरा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. परका कायदा पुस्तकातून कळतो, पण हाताळता येतो तो जुन्या माणसाशेजारी बसूनच.

राज्यात प्रशिक्षणाच्या संस्था आहेत. पुण्यात यशदा आहे, न्यायाधीशांसाठी उत्तनची न्यायिक अकादमी आहे. नव्या फौजदारी कायद्यांसाठी पोलीस आणि अभियोक्त्यांच्या प्रशिक्षणाची मोहीमच निघाली, यावरून शासनाने मनावर घेतले तर काम होते हे दिसते. मराठवाड्यासाठी हवे ते वर्गातले व्याख्यान नव्हे. उपजिल्हाधिकारी (भूसुधार), तहसीलदार आणि सरकारी वकील यांनी इथला पदभार घेतल्यावर निदान महिनाभर निकाली निघालेल्या मिसली वाचाव्यात: दहा मुंतखब, दहा '३८ ई' ची प्रकरणे, दहा विरासतीचे हुकूम, आणि वरच्या न्यायालयात ज्यांचे हुकूम फिरले अशी काही प्रकरणे, का फिरले त्या टिपणासह. उर्दू भाषा येण्याची गरज प्रत्येकाला नाही. मुंतखबात शर्त कोणत्या जागी असते, फसली महिना कसा ओळखायचा, आणि भाषांतरकाराने दिलेल्या मजकुरात काय गाळले गेले असू शकते, एवढे मूळ कागदावर बोट ठेवून दाखवता यायला हवे. भाषांतरकारही शपथेवर बांधलेला, यादीतला हवा. पक्षकाराने आणलेल्या भाषांतरावर शासनाने निर्णय देऊ नये.

सरकारी वकिलांचा मुद्दा थोडा अवघड आहे, म्हणून त्यावर बोलले जात नाही. जिल्ह्यातल्या जुन्या वकिली घराण्यांत आजोबांच्या काळचे हैदराबादचे कायदे, निवाडे आणि टिपणे जपून ठेवलेली असतात. खाजगी पक्षकाराला ती विद्या फी देऊन मिळते. समोर शासनाच्या किंवा देवस्थानच्या वतीने उभा राहणारा वकील सरकार बदलले की बदलतो. त्याच्या हाती कायद्याची प्रत असते, परंपरा नसते. ही असमानता दूर करायची तर सरकारी वकील कार्यालयात हैदराबाद कायद्यांचा स्वतंत्र, कायम ग्रंथसंग्रह आणि निवाड्यांची सूची हवी, जी माणूस गेल्यावरही जागेवर राहील. १९८१ पासून औरंगाबाद खंडपीठात या कायद्यांवर मोठे काम झाले आहे. ते निवाडे विषयवार, मराठीत सारांशासह तहसीलपर्यंत पोचवणे फार खर्चाचे नाही.

आणि इथे खऱ्या अर्थाने दुसऱ्या राज्यात जाण्याचीही गरज आहे. १९५० चा कुळकायदा आणि इनाम रद्द करण्याचा कायदा हे मुळात साऱ्या हैदराबाद राज्याचे. तेलंगणात ते पुढे वेगळ्या नावाने, वेगळ्या दुरुस्त्यांनिशी चालले. '३८ ई' वर तिथल्या उच्च न्यायालयानेही पुष्कळ लिहिले आहे. ते निवाडे आपल्यावर बंधनकारक नाहीत, पण त्याच शब्दांचा अर्थ लावताना त्यांचे मार्गदर्शन होऊ शकते. संस्थानच्या मूळ दप्तराचा मोठा भाग हैदराबादच्या पुराभिलेखागारात आहे. बीडचा अधिकारी तिथे गेला, मुंतखबाची मूळ नोंद कोणत्या विभागात कशी शोधायची हे त्याने पाहिले, तिथल्या महसूल अधिकाऱ्यांबरोबर पंधरा दिवस बसला, तर परत आल्यावर त्याच्यापुढे आलेला बनावट कागद त्याला ओळखू येण्याची शक्यता पुष्कळ वाढेल. बनावट मुंतखबाची खरी परीक्षा मूळ रजिस्टरशी ताडूनच होते. आज ती ताडणी पत्रव्यवहाराने होते आणि उत्तराची वाट पाहण्यात महिने जातात.

महाराष्ट्र आणि तेलंगण यांच्यात अशा देवाणघेवाणीचा साधा करार व्हायला राजकीय अडचण दिसत नाही. कर्नाटकातला कलबुर्गी भागही पूर्वी याच राज्यात होता, तोही सामील होऊ शकेल. सुरुवात बीडच्या भूसुधार शाखेतल्या आणि सरकारी वकील कार्यालयातल्या आठ-दहा जणांपासून करता येईल. त्यांची निवड करताना निवृत्तीला दोन वर्षे राहिलेल्यांना नव्हे, पुढे वीस वर्षे मराठवाड्यात काम करतील अशांना पाठवावे, आणि परत आल्यावर किमान तीन वर्षे त्यांची त्या टेबलावरून बदली करू नये.